हिशेब सगळ्यांना कळतो, मालकालाच नाही

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने बेंगळुरू व परिसरातील हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. बेकरीवाले, चहा-कॉफीची दुकाने चालविणारे, किराणा दुकानदार, भाजी विकणारे अशा सर्वांचा त्यांत समावेश होता. २०२१-२२ पासून त्यांच्या खात्यांत ‘यूपीआय’द्वारे किती रक्कम जमा झाली, याचे आकडे विभागाने मिळविले होते. माल विकणाऱ्यांसाठी वर्षाला ४० लाख आणि सेवा देणाऱ्यांसाठी २० लाख रुपये ही वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा या आकड्यांनी ओलांडली होती, असे विभागाचे म्हणणे होते. पाहता पाहता अनेक दुकानांवरचे ‘क्यूआर कोड’ उतरले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पुढे जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, मात्र नोंदणी करावी लागेल, असे राज्य सरकारने जाहीर केले आणि वातावरण निवळले.

या प्रकरणात सरकारचे चुकले की दुकानदारांचे, यावर बरीच चर्चा झाली. तिच्यात एक गोष्ट मात्र मागे पडली. ताजी भाजी किंवा सुटे दूध यांवर करच नाही. त्यामुळे ते विकणाऱ्याची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली म्हणून लगेच कर लागू होत नाही. काहींच्या खात्यांत मुलीच्या लग्नासाठी नातेवाइकांनी पाठविलेले पैसे होते, काहींच्या खात्यांत उसनवारीचे. हे सारे सांगता आले असते. पण सांगायचे तर वही हवी होती. धंद्याचे आणि घरचे पैसे एकाच खात्यात, एकाच मोबाइल क्रमांकावर येत होते आणि त्यांतला फरक मालकाच्या फक्त आठवणीत होता. चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या मंगळवारी आलेले आठ हजार रुपये दुधाचे, बिस्किटांचे की मेहुण्याचे, हे कोणाला आठवणार? कर विभागाकडे नोंद होती, बँकेकडे होती, ‘यूपीआय’ चालविणाऱ्या कंपनीकडे होती. नव्हती ती फक्त ज्याचा धंदा होता त्याच्याकडे.

महाराष्ट्रातही याहून वेगळे चित्र नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीनुसार (२०१५-१६) देशात सुमारे ६ कोटी ३४ लाख सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग होते आणि त्यांपैकी ४७ लाख ७८ हजार महाराष्ट्रात. देशभराच्या आकड्यातील ९९ टक्क्यांहून अधिक उद्योग ‘सूक्ष्म’ या वर्गात मोडणारे. लघुउद्योजकाने यशस्वी कसे व्हावे, यावर मराठीत व्याख्यानांची आणि यशोगाथांची कधीच वाण पडली नाही. जिद्द, चिकाटी, मोठे स्वप्न आणि ‘मराठी माणूस धंद्यात का मागे’ हा सनातन प्रश्न, एवढ्यावर सभागृहे भरतात. पण सातपूर, भोसरी, वाळूज किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत बंद पडलेल्या गाळ्यांकडे पाहिले तर जिद्दीचा तुटवडा हे कारण क्वचितच सापडते. दिवसाचे चौदा तास राबणारी माणसे तिथे होती. त्यांना घाऊक प्रमाणात नडले ते अत्यंत नीरस असे काही: आज किती आले, किती गेले आणि कोणाकडे किती राहिले, हे रोज लिहून न ठेवणे.

रोजकीर्द आणि वहीपूजन

वास्तविक ही सवय या मातीला नवी नाही. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द इंग्रजी अमलाच्या आधीपासून मराठी व्यवहारात आहेत. रोज घडेल तो व्यवहार रोजकीर्दीत, तिथून तो माणसागणिक खतावणीत आणि शेवटी बेरीज-वजाबाकीचा मेळ, अशी ती रीत. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला आजही नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते. गंमत अशी की, पूजा झालेली ती वही अनेक दुकानांत पुढच्या दिवाळीपर्यंत कोरीच राहते. खरा हिशेब करसल्लागाराच्या संगणकात असतो आणि तोही विवरणपत्राची तारीख जवळ आली की पिशवीभर बिले नेऊन टाकल्यावर तयार होणारा. करसल्लागार सरकारसाठी हिशेब करतो. मालकाला रोज निर्णय घ्यायला लागतो तो हिशेब त्याहून निराळा आणि बराच सोपा आहे.

शटर ओढण्यापूर्वी पंधरा मिनिटे बसून चार आकडे लिहिले तरी पुष्कळ झाले: आजची जमा, आजचा खर्च, आपल्याला येणे किती, आपले देणे किती. त्यासाठी मोबाइलवरचे उपयोजन वापरले काय किंवा दोनशे पानी वही वापरली काय, फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ‘रोज’ या शब्दाने. आठवड्याने लिहिलेल्या हिशेबात किरकोळ खर्च गळतात. आणि छोट्या धंद्याचा नफा बहुधा त्या किरकोळ खर्चाएवढाच असतो.

वस्तू व सेवा करानंतर या नोंदीला आणखी एक धार आली आहे. १ जानेवारी २०२२ पासून खरेदीवर भरलेल्या कराची वजावट तेव्हाच मिळते, जेव्हा माल देणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखविलेले असते. म्हणजे छोट्या कारखानदाराने पुरवठादाराला कराची रक्कम दिली, पण त्या पुरवठादाराने बिल भरलेच नाही, तर कारखानदाराचे पैसे अडकतात. दर महिन्याला आपली खरेदीची बिले ‘जीएसटीआर-२बी’ या तक्त्याशी ताडून पाहणाऱ्याला हे पंधरवड्यात कळते आणि तो पुरवठादाराला फोन करू शकतो. वर्षअखेरीस पाहणाऱ्याला ते कळते तेव्हा पुरवठादाराने दुकान बदललेले असते.

याच्याच जोडीची सवय म्हणजे घर आणि धंदा यांची खाती वेगळी ठेवणे. हा सल्ला सगळेच देतात आणि पाळणारे थोडे. त्याचे कारण शिस्तीचा अभाव एवढेच नाही; एकल मालकीच्या धंद्यात कायदाही मालक आणि धंदा यांत भेद करीत नाही, मग घरच्यांनी का करावा? गल्ल्यातून शाळेची फी जाते, गॅसचे सिलिंडर येते, गावाकडे पैसे जातात. यावर उपाय म्हणजे घरखर्च बंद करणे नव्हे. मालकाने स्वतःला दरमहा ठरावीक पगार लावून घ्यावा आणि तो धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात एकदाच वळता करावा. असा पगार लावल्यावर कित्येकांना पहिल्यांदाच कळते की, ज्याला आपण नफा समजत होतो ती आपली आणि बायकोची मजुरी होती. घरगुती खाणावळीत पहाटे पाचपासून राबणाऱ्या दोन बायकांची मजुरी कुठेच लिहिली जात नाही आणि ‘गाळा स्वतःचा, म्हणून भाडे शून्य’ असे मानले जाते. तो गाळा भाड्याने दिला असता तर महिन्याला १५ हजार आले असते, हे लक्षात घेतले तर थाळीचा हिशेब पार बदलतो.

किलोचा भाव

किंमत ठरविण्याच्या बाबतीत हा गोंधळ अधिक महागात पडतो. कोल्हापूर परिसरातील फौंड्री उद्योगाचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. ओतीव कामाचा दर किलोवर ठरविण्याची तेथील जुनी पद्धत आहे. समजा, दोन नग आहेत आणि दोन्हींचे वजन पाच-पाच किलो. एक भरीव, साधा. दुसरा आतून पोकळ, ज्यासाठी तीन-चार ‘कोअर’ करून साच्यात बसवाव्या लागतात. दुसऱ्याला मजुरी जास्त, वेळ जास्त आणि बाद होणाऱ्या नगांचे प्रमाणही जास्त. दर मात्र किलोलाच लावला तर पहिल्या नगाचा फायदा दुसरा नग खाऊन टाकतो. वर्षअखेरीस एकूण थोडा नफा दिसतो, म्हणून मालक समाधानी असतो. स्पर्धक भरीव नगाचा दर थोडा उतरवतो आणि ते काम घेऊन जातो. उरतो तो पोकळ नग. प्रत्येक नगाचा खर्च वेगळा मांडण्याची सवय असती, तर कुठला दर उतरवायचा आणि कुठला वाढवून मागायचा, हे त्यालाच आधी कळले असते.

यंत्रकामाच्या छोट्या कारखान्यात हीच चूक तासाच्या दरात होते. एक ‘सीएनसी’ यंत्र घेतलेल्या मालकाचा महिन्याचा खर्च उदाहरणादाखल असा धरू: कर्जाचा हप्ता ४० हजार, दोन पाळ्यांतील कामगार ४० हजार, गाळ्याचे भाडे १५ हजार, वीज १२ हजार, हत्यारे आणि दुरुस्ती १३ हजार, एकूण १ लाख २० हजार. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे १६ तास मोजले तर ४१६ तास होतात आणि तासाचा खर्च सुमारे २८८ रुपये पडतो. त्यावर नफा चढवून तो ३५० रुपये दर देतो आणि काम मिळाल्याचा आनंद मानतो. परंतु यंत्र प्रत्यक्षात किती तास कापते? नगाची जुळणी, मालाची वाट पाहणे, वीज जाणे, कामगाराची रजा, तपासणीत अडकलेला पहिला नग हे सारे वजा जाता ते २४० तास भरले, तर तासाचा खर्च ५०० रुपये होतो. ३५० रुपयांना विकलेल्या प्रत्येक तासामागे १५० रुपये खिशातून जातात. काम जितके वाढेल तितका तोटा वाढेल आणि तो झाकण्यासाठी नवे कर्ज लागेल. यंत्राशेजारी भिंतीवर एक तक्ता लावून रोजचे चालू तास खडूने लिहिणे, एवढीच ही सवय. तिला खर्च नाही, पण ती पाळणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके सापडतात.

अर्थात, दर ठरविण्याचा अधिकार सगळ्यांनाच असतो असे नाही. इचलकरंजीतील खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. मजुरी ‘पिका’मागे पैशांत ठरते आणि ती बहुतांशी बाजार ठरवितो. त्याला खर्च मांडून दर वाढवता येणार नाही. पण कोणत्या मजुरीखाली माग चालविण्यापेक्षा थांबविणे परवडते, हे त्याला निदान कळेल. हेही ज्ञान थोडे नव्हे. वीजदर बदलल्यावर तर नव्हेच.

उधारीचे व्याज कोण भरतो

छोट्या उद्योजकाला सर्वाधिक पोखरते ती उधारी. पुन्हा एक उदाहरण पाहू. एक लाखाचे काम, खर्च ९० हजार, नफा १० हजार. पैसे चार महिन्यांनी आले. दरम्यान ते ९० हजार महिना दोन टक्क्यांच्या खासगी कर्जातून उभे केले असतील तर व्याज ७ हजार २०० रुपये झाले. शिवाय त्या बिलावरचा १८ टक्के कर, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत विवरणपत्रासोबत भरावा लागतो. खरेदीवरील वजावट जाऊन १० हजार भरावे लागले असे धरले, तर त्यावरचेही तीन महिन्यांचे ६०० रुपये. दहा हजारांच्या नफ्यातून उरले २ हजार २००. हेच पैसे ४५ दिवसांत आले असते तर नुसत्या व्याजाचा बोजा २ हजार ७०० रुपयांवर थांबला असता. काम तेच, कष्ट तेच, दरही तोच.

यासंबंधी कायदा दुबळा नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी कराराप्रमाणे, पण कोणत्याही स्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढीने व्याज लागते. बँक दर साडेपाच टक्के धरला तर हे व्याज साडेसोळा टक्के होते. राज्यांमध्ये अशा तक्रारींसाठी सुविधा परिषदा आहेत आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘समाधान’ या संकेतस्थळावर तक्रार दाखल करण्याची सोय झाली. तरीही मोठे खरेदीदार निर्धास्त होते, म्हणून वित्त अधिनियम, २०२३ ने आयकर कायद्याच्या कलम ४३ ब मध्ये नवे उपकलम घातले. ठरलेल्या मुदतीत पैसे न दिल्यास ती रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखविता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजावट मिळते. १ एप्रिल २०२४ पासून ही तरतूद लागू झाली. हा कायदा खरेदीदाराच्या ताळेबंदाला हात घालतो, त्यामुळे प्रथमच त्याची गंभीर दखल घेतली गेली. पण २०२४ च्या आरंभी सुरतेच्या कापड बाजारातून आणि व्यापारी संघटनांकडून वेगळाच सूर उमटला. खरेदीदार नोंदणीकृत छोट्यांकडून माल घेणेच टाळतील, अशी भीती व्यक्त झाली आणि तरतूद पुढे ढकलण्याची मागणी झाली.

ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मोठ्या गिऱ्हाइकावर तक्रार करणारा छोटा पुरवठादार पुढच्या ऑर्डरला मुकतो, हे औद्योगिक वसाहतीतले उघड गुपित आहे. म्हणूनच ‘चांगल्या सवयी लावा म्हणजे पैसे वेळेवर येतील’ असा उपदेश सरकारने किंवा मोठ्या कंपन्यांनी करणे हे जबाबदारी झटकण्यासारखे आहे. ज्याची बाजू मुळातच दुबळी आहे त्याच्या शिस्तीवर सारा भार टाकता येत नाही. वार्षिक २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ‘ट्रेड्स’ या बिलवटणावळीच्या मंचावर नोंदणी सक्तीची करण्यात आली, त्यासाठी ३१ मार्च २०२५ ची मुदत होती. पण नोंदणी सक्तीची असली तरी खरेदीदाराने बिल मान्य केल्याखेरीज तिथेही पैसे मिळत नाहीत.

तथापि, कायद्याने जे दिले आहे तेही अनेकदा पुरवठादाराच्या हातून निसटते आणि त्याचे कारण कागद. पंधरा किंवा पंचेचाळीस दिवस मोजायचे कधीपासून? माल पोचल्याच्या दिवसापासून. खरेदीदाराने पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली असेल तर ती दूर झाल्याच्या दिवसापासून. म्हणजे माल पोचल्याची तारीख सिद्ध करणारा कागद हवा. चलनावर सही आहे पण तारीख नाही, शिक्का आहे पण नाव नाही, माल टेम्पोचालकाने फाटकावर उतरवला आणि चलन त्याच्या गाडीतच राहिले, असे प्रकार सर्रास घडतात. बिलावर ‘उद्यम’ नोंदणीचा क्रमांक छापलेला नसतो, त्यामुळे पुरवठादार सूक्ष्म आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हते, असे खरेदीदार सहज म्हणू शकतो. बिल मालाबरोबर न जाता दहा दिवसांनी, ‘सगळी एकदम पाठवू’ म्हणून जाते. हे दहा दिवस कोणी हिरावून घेतलेले नसतात; ते मालकाने स्वतः दिलेले असतात. आणखी एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. व्यापाऱ्यांना २०२१ पासून ‘उद्यम’ नोंदणी करता येते, पण ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. विलंबित देण्यांचे संरक्षण उत्पादक आणि सेवा पुरविणाऱ्यांनाच आहे. घाऊक व्यापाऱ्याने कायद्याच्या भरवशावर उधारी देऊ नये.

वसुलीच्या सवयीत भिडस्तपणा आडवा येतो. पैसे मागणे म्हणजे संबंध बिघडविणे, अशी एक समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. अनुभव उलट सांगतो: मुदत संपण्याच्या चार दिवस आधी ‘बिल मंजुरीला गेले ना, काही त्रुटी नाही ना’ एवढाच फोन केला तर कोणी रागावत नाही आणि हिशेब विभागातल्या ढिगात ते बिल वर येते. मुदत उलटून दोन महिन्यांनी, तेही स्वतःचा हप्ता थकल्यावर केलेला फोन मात्र चढ्या आवाजात होतो आणि संबंध बिघडतात ते तेव्हा. किराणा दुकानातल्या उधारीलाही हाच न्याय लागू आहे. तिथे वहीचे पान कमी आणि ओळखीचे दडपण जास्त असते. प्रत्येक घरामागे मर्यादा आधीच ठरवून ती गिऱ्हाइकाला सांगून ठेवणारा दुकानदार नकार देताना अवघडत नाही, कारण नकार त्याने नव्हे, मर्यादेने दिलेला असतो.

पिग्मीवाला

सवयींबद्दल बोलताना एका साध्या माणसाची आठवण ठेवायला हवी, तो म्हणजे पिग्मीवाला. १९२८ मध्ये उडुपीच्या एका बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली आणि २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, दारोदारी जाऊन रोज किरकोळ रक्कम गोळा करण्याची ही योजना सुरू केली. महाराष्ट्रातील नागरी बँका आणि पतसंस्थांनी ती गावोगाव रुजवली. पानटपरीवाला, सलूनवाला, भाजीवाली रोज पन्नास-शंभर रुपये देतात आणि वर्षाने हाती आलेल्या रकमेत नवे फ्रीज, नवी खुर्ची किंवा हातगाडीऐवजी छोटा टेम्पो येतो. व्याज नाममात्र असते, तरी ही पद्धत टिकली. कारण तिने बचत माणसाच्या निश्चयावर सोडली नाही. ठरलेल्या वेळी कोणीतरी समोर येऊन उभे राहते. हिशेबाची आणि वसुलीची सवय एकट्याने लागत नसेल तर तिलाही असेच कोणीतरी लागते: दर सोमवारी येण्याची यादी विचारणारी मुलगी, किंवा महिन्यातून एकदा आकडे घेऊन एकत्र बसणारे वसाहतीतले चार उद्योजक.

सावधगिरीची एक सूचना येथेच द्यायला हवी. पतसंस्थांतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. बँकांतील ठेवींना ते ५ लाखांपर्यंत आहे आणि तेही फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी केवळ एक लाख होते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा अनेक छोट्या व्यावसायिकांचे खेळते भांडवलच एका रात्रीत गोठले. पगार, वीजबिल, मालाचे पैसे सारे त्याच खात्यात होते. एका बँकेवर विसंबू नये, तसेच एका गिऱ्हाइकावरही. तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला, तेव्हा ज्या पुरवठादारांच्या कामात त्या एका कारखान्याचा वाटा मोठा होता, त्यांच्यापुढे यंत्रे आहेत पण काम नाही, असा प्रसंग आला. आता विजेवरच्या वाहनांमुळे इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्यांसमोर तोच प्रश्न संथपणे येतो आहे. आपल्या उलाढालीत सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा वाटा किती टक्के, हा आकडाही वर्षातून दोनदा तरी लिहून काढावा असा आहे.

मालाची मोजदाद हीदेखील तशीच दुर्लक्षित बाब. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, टूथपेस्ट, बिस्किटे अशा वस्तूंवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला जुन्या खरेदीवरील वजावट वापरता येत होती. ‘कंपोझिशन’ योजनेतील छोट्या दुकानदाराला ती मुळातच मिळत नाही. त्याने १८ टक्के भरून घेतलेला माल नव्या कमी किमतीला विकायचा होता. अशा वेळी फडताळात नेमका किती माल आहे, हे सांगता येणाऱ्याला वितरकाकडे भरपाईची मागणी आकड्यानिशी करता आली. ‘असेल पंचवीस-तीस हजारांचा’ म्हणणाऱ्याच्या मागणीला वितरकाने फारशी किंमत देण्याचे कारण नव्हते.

बँकेच्या टेबलापलीकडे

या साऱ्याचा हिशेब शेवटी कर्जाच्या वेळी होतो. छोट्यांना कर्ज मिळत नाही ही जुनी तक्रार आहे आणि तीत तथ्यही आहे. पण परिस्थिती बदलते आहे. मुद्रा योजनेची मर्यादा, आधीचे कर्ज नीट फेडलेल्यांसाठी, २०२४ मध्ये १० लाखांवरून २० लाखांवर नेण्यात आली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सरकारी बँकांनी तारण आणि ताळेबंद यांच्याऐवजी उद्योगाच्या डिजिटल व्यवहारांवरून पत जोखण्याची स्वतःची पद्धत विकसित करावी, असे जाहीर झाले. मार्च २०२५ मध्ये ती पद्धत सुरूही झाली. ज्या ‘यूपीआय’च्या नोंदींनी बेंगळुरूतल्या दुकानदाराला धडकी भरवली, त्याच नोंदी येथे त्याच्या बाजूने बोलू शकतात.

मात्र त्या बोलतात तेव्हा मालकाला त्यांचा अर्थ लावता आला पाहिजे. अर्जदाराच्या संमतीने बँकेच्या संगणकावर त्याच्या करविवरणपत्रांतील विक्री आणि खात्यातील जमा शेजारी-शेजारी दिसतात. मे आणि जूनमध्ये जमा एवढी का घटली, विक्री वाढली असताना खात्यातली शिल्लक का वाढली नाही, हे प्रश्न अधिकारी विचारतो. पहिल्याचे उत्तर ‘लग्नसराई संपली आणि पेरणीत गिऱ्हाईक गुंतले’ असे असू शकते, दुसऱ्याचे ‘एका कंपनीकडे चार लाख अडकले आहेत, ही त्याची यादी’ असे. दोन्ही उत्तरे कर्ज नाकारण्याजोगी नाहीत. उलट, त्या अडकलेल्या चार लाखांच्या बिलांवरच खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून मागता येते, बिले, चलने आणि त्यांवरच्या तारखा सोबत असतील तर.